मांडवकरबाईंची भिंत

मांडवकरबाई आठवल्या की मला आधी माझा पांढरा शर्ट आठवतो. शाळेत रुजू व्हायला निघालो त्या दिवशी आईने तो कडक इस्त्री करून दिला होता. अंजनवेलकडे जाणाऱ्या एसटीतून सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, थांब्याला उतरलो, समोर बघितलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. आमच्या कोकणात शाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर कौलं आणि पुढे पडवी. इथे उघड्या माळावर एक दुमजली विटांचं घर उभं होतं. उंच उतरतं छप्पर, दोन लांबलचक धुराडी, पोट पुढे काढलेली मोठी खिडकी. नाताळच्या कार्डावर असतं तसं. नुसता बर्फ पडायचा बाकी होता आणि मी घामाने निथळत होतो.

दारात एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई उभी होती. सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात उघडलेली छत्री.

"तुम्ही नवे मराठीचे?"

"हो."

"या. त्या भिंतीला पाठ लावा."

पहिल्याच दिवशी शिक्षा कसली, ते कळेना. मी भिंतीला टेकलो.

"नीट टेका ओ. जोर लावा."

मी जोर लावला. मग त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं, पाठीवरचा शर्ट निरखून बघितला आणि समाधानाने मान हलवली. "बघा, काही लागलं? नाही लागलं. कपड्याला न लागणारी भिंत ती चांगली भिंत. सायबाची वीट आहे ही. चला, आता मस्टरवर सही करा."

आपल्या मुख्याध्यापिका वेड्या आहेत अशी माझी खात्री पटली. नंतर कळलं, की शाळेत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस, मग तो शिक्षक असो, तपासणीला आलेला साहेब असो की पोरीचं नाव घालायला आलेला बाप असो, या परीक्षेतून गेलेला होता. आणि परीक्षा माणसाची नव्हती, भिंतीची होती. भिंत दर वेळी पास व्हायची आणि बाईंचा चेहरा आपलं पोर पहिलं आल्यासारखा व्हायचा.

हा बंगला कुणा इंग्रज अधिकाऱ्याने बांधला. त्याचं नाव गावात कुणालाच माहीत नाही, सगळे नुसतं 'सायब' म्हणतात. विटा जहाजातून दाभोळला उतरल्या, होडीने खाडी ओलांडून आल्या आणि बैलगाडीने सड्यावर चढल्या, असं सांगतात. खरंखोटं त्या सायबाला ठाऊक. ज्या मुलखात पायाखाली खणलं की जांभा चिरा निघतो, तिथे समुद्रापलीकडून विटा आणायच्या म्हणजे कमाल झाली. बाई म्हणायच्या, "घराच्या आठवणीने येडा झाला असणार. त्याने हे घर हवा बघून नाही बांधलं, आठवणीवर बांधलं."

पुरावा म्हणून त्या घराचं तोंड दाखवायच्या. सायबाच्या देशात उन्हाची टंचाई, म्हणून तिथली घरं उन्हाकडे तोंड करून बसतात. याने इथेही तेच केलं. मोठी खिडकी, मोठी भिंत, सगळं नैऋत्येला. इथे ऊन तर बारा महिने आहेच, पण त्याच दिशेने समुद्रावरून पाऊस येतो, आडवा आणि थोबाडात मारल्यासारखा. घर गेलं असतं ते पहिल्याच काही वर्षांत. गेलं नाही, कारण विटा पक्क्या होत्या आणि दर वर्षी मिरगाच्या आधी त्या भिंतीला झापं लागायची. झापं म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. आपल्याकडे पडवीला लावतात, तीच. पालक जमायचे, बांबूंचा सांगाडा उभा राहायचा आणि वरपासून खालपर्यंत झापं बांधली जायची. चार महिने ते इंग्रजी घर झोपडीसारखं दिसायचं. बाई छत्रीच्या टोकाने दाखवत फिरायच्या. "तिथे फट राहिली. त्या खिडकीच्या कमानीवर अजून एक टाका. तिला पाणी लागता कामा नये."

बाई गणित शिकवायच्या आणि त्यांचं निम्मं गणित भिंतीवर होतं. त्या विटा साध्या एकावर एक रचलेल्या नव्हत्या. एक वीट लांबीने, तिच्या शेजारची तोंडाने, म्हणजे आखूड बाजूने, पुन्हा एक लांबीने, आणि वरच्या थरात बरोबर उलट. त्यावर त्या अपूर्णांक शिकवायच्या. खिडक्यांच्या कमानींत विटा निमुळत्या घासून पंख्यासारख्या बसवल्या होत्या, त्यावर कोन. आणि समोरच्या भिंतीवर तोंडाच्या विटा मुद्दाम जास्त भाजून काळ्या केलेल्या होत्या. लांबून बघितलं की लाल भिंतीवर काळे चौकोन दिसायचे, टोकावर उभे केलेले. पोरं त्यांना शंकरपाळ्या म्हणत. त्यावर बाई चौकोनाचे गुणधर्म शिकवायच्या. आमच्या पोरांना भूमितीत कधी कुणी नापास केलेलं मला आठवत नाही.

आता धुराड्याची गोष्ट. बाईंच्या खोलीत एक शेकोटीचा कोनाडा होता. कोकणात शेकोटी. त्यात त्या खडूचे खोके ठेवायच्या, कारण शाळेत तेवढी एकच जागा पावसाळ्यात कोरडी राहायची. तसाच कोनाडा वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात होता. मला रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. मी रंगात येऊन एक धडा शिकवत होतो आणि भिंतीतून आवाज आला, "सर, तो धडा नववीचा. हा आठवीचा वर्ग आहे."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. पोरं खो खो हसायला लागली, त्यांना सगळं ठाऊक होतं. दोन्ही कोनाड्यांची धुराडी आत कुठेतरी एकमेकांत उघडली होती आणि वरच्या वर्गातली कुजबुजसुद्धा बाईंना खाली बसल्या जागी ऐकू यायची. त्यानंतर मी त्या वर्गात बाईंबद्दल कधी वाईट बोललो नाही. चांगलं मात्र मुद्दाम कोनाड्याकडे तोंड करून बोलायचो. खालून उत्तर यायचं, "पुरे, शिकवा."

त्यांचं घरातलं वळण दगडाचं होतं. वडील आतल्या गावात चिरेखाणीवर मुकादम होते, आणि बाई अजूनही त्याच गावातून एसटीने शाळेत यायच्या. बाई लहानपणी त्यांची भाकरी घेऊन खाणीवर जायच्या आणि दिवसभर तिथेच रमायच्या. चिरा त्यांना आवाजावरून कळायचा. फणस पिकला की नाही ते बघायला बोटांनी वाजवतात, तशा त्या येता जाता भिंती वाजवत जायच्या. गावात कुणाचंही घर निघालं की चिरे बघायला बाईंना बोलावणं असायचं. "हा घ्या, हा नको, याच्यात माती आहे." त्यांनी पास केलेला चिरा कधी दगा देत नसे. आमच्यापैकी कुणालाच ते ज्ञान नव्हतं. माझं बालपण पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत सिमेंटच्या क्वार्टरमध्ये गेलं, मला ना चिरा कळत ना वीट. पण खरं सांगायचं तर वीट कुणालाच कळत नव्हती. अख्ख्या पंचक्रोशीत विटांचं ते एकच घर होतं.

संस्थेचे नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी बंगला पाडून तिथे स्लॅबची इमारत बांधायचं काढलं. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा पाठिंबा होता. सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, इंग्रज जाऊन किती वर्षं झाली? त्यांचं धुराडं आपण का सांभाळायचं?"

बाई उठल्या. "त्यांचं म्हणून नका सांभाळू. तीन गावांची पोरं या भिंतीवर शिकली, म्हणून सांभाळा. आणि पडेल म्हणून भीती वाटत असेल तर या, पाठ लावा."

अध्यक्षांनी सफारी घातली होती, फिकट रंगाची. सगळी सभा उठून बाहेर गेली आणि अध्यक्ष भिंतीला टेकले. काही लागलं नाही. हशा झाला आणि ठराव मागे पडला. मात्र अध्यक्षांनी जाता जाता सांगितलं, "ठीक आहे. पण हे घर आता तुमच्या जबाबदारीवर उभं आहे, बाई. त्याला काही झालं तर मी तुमच्याकडे बघणार."

"बघा ना," बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. 'मी इथेच आहे' याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता: शाळेशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं.

मग शाळेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं. वर्षानुवर्षं झापांच्या आड राहून समोरची भिंत काळी पडली होती. शेवाळ वाळून त्याची पुटं झाली होती, शंकरपाळ्या जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हत्या. अध्यक्षांनी रंग लावायचं सुचवलं, लाल ऑइलपेंट आणि त्यावर पांढऱ्या रेघा. बाई ताडकन म्हणाल्या, "रंग लावलात तर भिंतीचा जीव गुदमरेल. तिला श्वास घेता आला पाहिजे." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पुढे पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनीही तेच सांगितलं. पण रंग नाही तर काय?

"तासूया," मांडवकरबाई म्हणाल्या.

आमच्यातल्या कुणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. कोकणात जुनं चिऱ्याचं घर काळं पडलं की तेच करतात. गवंडी तासणी घेऊन वरचा काळा थर काढतो, आतून ताजा लाल चिरा निघतो आणि वारापाऊस लागून लागून पुन्हा घट्ट होतो. खाणीतून काढलेला चिरा मऊच असतो, हवेवर तो कडक होतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाईंच्या तर ते रक्तात होतं.

मे महिन्यात त्यांचा चुलतभाऊ दत्ताराम आपली माणसं घेऊन आला. परांची बांधली गेली. बाई भर उन्हात छत्री घेऊन खाली खुर्चीवर बसायच्या आणि वरचा एकेक थर नजरेखालून घालायच्या. "दत्ता, ती कोपऱ्यातली राहिली. एकपण काळी ऱ्हाता नये." आपल्या माणसांशी बोलताना त्यांची शाळेची भाषा गळून पडायची.

एकदा दत्ताराम वरून म्हणाला, "ताय, ह्या चिऱ्याचा कायतरी उलटाच हाय. वरनं कडक नि आतनं मऊ."

"ताजा हाय म्हणून मऊ. वारा लागला की होईल घट्ट."

"ता पण खराच," तो म्हणाला आणि कामाला लागला.

शंकरपाळ्यांपाशी आल्यावर मात्र बाई स्वतः परांचीवर चढल्या. काळ्या विटांवरचा थर तासला, तर आतून त्याही लालच निघाल्या. काळेपणा फक्त वरवरचा होता. एक शंकरपाळी डोळ्यांदेखत पुसून गेली. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "असू दे. आतून जी आहे ती खरी." आणि खाली उतरल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, असं शिपायाने सांगितलं.

भिंत पूर्ण झाली तेव्हा मात्र आम्ही सगळे थक्क झालो. नुकतं कापलेलं कलिंगड असावं तशी ती लाल झाली होती. फोटो मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर गेले, अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. समारंभात अध्यक्षांनी बाईंना शाल घातली आणि भाषणात सांगितलं, की मी ज्या घराला धुराडं म्हणालो त्या घराने आज माझी मान उंचावली. बाई स्टेजवर बसून होत्या, पण बघत होत्या भिंतीकडे.

मिरग आला. पालक नेहमीप्रमाणे झापं घेऊन आले, तर बाईंनी त्यांना परत पाठवलं. "यंदा नको. तिला वारा लागू दे, पाऊस लागू दे. झाकून ठेवली तर घट्ट कशी होणार?"

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी आम्ही शाळेत पोचलो तर पायऱ्यांवरून लाल पाणी वाहत होतं. सड्यावरचं पाणी लालच असतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पण ते पाणी सड्यावरून येत नव्हतं. ते भिंतीतून येत होतं. बाईंनी बोट लावलं, तर वीट बोटाला आली. चहात भिजलेलं बिस्किट जसं बोटाला लागून येतं, तसं.

मी त्यांचा चेहरा बघितला. त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांना काही कळतच नव्हतं. ज्या बाईला दगडाची भाषा येत होती, तिच्याशी भिंत पहिल्यांदाच अनोळखी भाषेत बोलत होती. त्या भिंत वाजवत सुटल्या, इथे वाजव, तिथे वाजव. सगळीकडून एकच मुका आवाज. "असं होत नाही," त्या म्हणत राहिल्या. "असं होत नाही ओ, सर."

झापं परत मागवली, ताडपत्र्या बांधल्या. पण आषाढातल्या वाऱ्यात त्या भिंतीवर काय टिकणार? श्रावणातल्या एका रविवारी पोट काढलेली खिडकी कमानीसकट खाली बसली. सुट्टी होती म्हणून वाचलो. सोमवारी माझ्या वर्गातून पावसात भिजणारा समुद्र दिसत होता, तोही भिंतीतून. वर्ग गावातल्या समाजमंदिरात हलवले.

पाऊस ओसरल्यावर संस्थेने पुण्याहून जुन्या इमारतींच्या तज्ज्ञ बाई बोलावल्या. तरुण होत्या, साध्या होत्या. त्या दिवसभर भिंतीपाशी बसल्या, ढिगातल्या विटा उलटसुलट करून बघितल्या आणि संध्याकाळी समाजमंदिरात सभेसमोर बोलायला उभ्या राहिल्या. आधीचं काहीच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "वीट भट्टीत भाजते तेव्हा तिला साल धरते, पावाला धरते तशी. पाणी अडवते ती साल. आतला भाग मऊच असतो, आणि तो नंतर कितीही वारा लागला तरी घट्ट होत नाही. तुमच्या जांभ्याच्या अगदी उलट. ही भिंत अजून शंभर वर्षं सहज उभी राहिली असती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण कुणीतरी तिची साल सोलून काढलीय. आणि इतक्या काळजीने, की एकसुद्धा वीट सोडलेली नाही. मी असं कधी बघितलं नाही. कुणी केलं हे?"

दत्ताराम मागे दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. अध्यक्ष, ज्यांनी 'मी तुमच्याकडे बघणार' असं बजावलं होतं, ते कुणाकडेच बघत नव्हते. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी सांगेल, संस्थेने केलं, सगळ्यांनी मिळून केलं. आणि ते खोटंही नव्हतं.

मांडवकरबाई उठल्या. "मी केलं," त्या म्हणाल्या.

तज्ज्ञ बाई गोंधळल्या. "म्हणजे तुम्हाला कल्पना नसेल, तुम्ही चांगल्या हेतूने..."

"हेतूचं लिहू नका," बाई म्हणाल्या. "मांडवकरांनी केलं, एवढंच लिहा. जी पडायला निघालेली नव्हती ती मी पाडली." आणि खाली बसल्या. मी आजवर अनेक सभा बघितल्या, पण आपल्या हाताने आपल्यावर असा शिक्का मारणारं माणूस दुसरं बघितलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, दया आली आणि भयंकर अभिमान वाटला, सगळं एकदमच.

छपराचा सगळा भार त्याच भिंतीवर होता. ती गेल्यावर उरलेलं घर उभं ठेवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. दिवाळीनंतर बंगला उतरवायचं ठरलं. अध्यक्षांनी बाईंना एका शब्दानेही जाब विचारला नाही, उलट नव्या इमारतीला त्यांचं नाव द्यायची गोष्ट काढली. बाई म्हणाल्या, "तसं केलंत तर मी त्या रस्त्याने पुन्हा जाणार नाही." विषय तिथेच संपला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते त्यांनी समाजमंदिरात, एका फळ्यावर अपूर्णांक शिकवण्यात घालवले. फळ्यावर त्या विटा काढायच्या, एक लांब, एक तोंडाची. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

बंगला उतरवायच्या आदल्या संध्याकाळी मी तिकडे गेलो. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. ऊन उतरलं होतं, खाडीपलीकडे दाभोळच्या होड्या परतत होत्या. आणि समोरच्या भिंतीचा जो तुकडा अजून उभा होता, त्याला बाई टेकून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही तळहात विटांवर टेकलेले. बाजूला छत्री मिटून ठेवलेली. मी लांबच थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि जणू आम्ही स्टाफरूममध्ये भेटलो असू तशा म्हणाल्या, "आतल्या गावाची गाडी गेली का हो?"

"अजून यायची आहे."

त्या निघाल्या. माझ्या पुढून दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "सर, बघा जरा. लागलंय का काही?"

त्यांची साडी पांढरी होती, बारीक निळ्या काठाची. खांद्यापासून कमरेपर्यंत ती लाल झाली होती. विटांचे थर स्पष्ट उमटले होते, एक लांब, एक तोंडाची, एक लांब. मला खोटं बोलता आलं असतं. बाईंशी कुणी कधी भिंतीबद्दल खोटं बोललं नव्हतं.

"लागलंय, बाई."

मी रुमाल काढला आणि झटकायला पुढे झालो.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. घरापर्यंत राहू दे."

एसटी आली. त्या चढल्या आणि सीटवर बसल्या, पण पाठ न टेकवता, ताठ, पुढच्या दांडीला धरून. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या तशाच बसलेल्या मला दिसत होत्या.